हिस्टोपॅथॉलॉजीच्या (टिश्यू तपासणाऱ्या लॅबच्या) ताईंना, जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर सही आमची असते, पण तो कोणत्या प्रकारचा हे ठरतं तुमच्या मायक्रोटोमवर, म्हणजे टिश्यूचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर. म्हणून हे पत्र.

सुरगाणा, पेठकडून नाशिकला आलेला पेशंट दुसऱ्यांदा ब्रॉन्कोस्कोपीला (श्वासनळीत दुर्बीण घालून तुकडा काढायला) तयार होईलच असं नाही. बाटलीतले दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे हेच भांडवल. तुम्ही ते एका कॅसेटमध्ये (टिश्यूच्या छोट्या डबीत) न कोंबता दोन ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यांत) वाटता. ट्रिमिंग, म्हणजे ब्लॉकचा वरचा थर कापून टाकणं, बेताचं करता. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, एच अँड ई या नेहमीच्या रंगासाठी काप घेतानाच आयएचसीसाठी (मार्करने पेशींचा प्रकार ओळखायच्या तपासणीसाठी) ३-४ मायक्रॉनचे कोरे कापही काढून ठेवता. उतरवलेला ब्लॉक पुन्हा लावला की तो ब्लेडच्या पातळीत आणण्यातच बरेच काप वाया जातात. लहान बायॉप्सीत तेवढ्यात गाठच संपते.

ग्रंथी किंवा म्यूसिन (चिकट स्राव) दिसलं तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा. केराटिन किंवा पेशींना जोडणारे पूल दिसले तर स्क्वॅमस. दोन्ही नसेल तर आधी टीटीएफ-१ आणि पी४० हे दोन मार्कर, एवढंच. मार्करांची लांबलचक यादी लावली की ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासणीसाठी टिश्यू उरत नाही. नुसतं 'नॉन-स्मॉल सेल' लिहून आता भागत नाही: पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध स्क्वॅमसमध्ये उपयोगी पडत नाही, आणि बेव्हॅसिझुमॅब या औषधाने त्यात जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका असतो. 'लार्ज सेल कार्सिनोमा' तर छोट्या तुकड्यावर लिहायचंच नसतं. त्याला ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ लागते.

स्मॉल सेल या प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी फार नाजूक. चिमटा जरा दाबला की केंद्रकं ओघळल्यासारखी लांबतात आणि नुसते निळे पट्टे उरतात. चेचलेले लिम्फोसाइट, चेचलेला कार्सिनॉइडही (हळू वाढणारी गाठ) असेच दिसतात. कार्सिनॉइडला स्मॉल सेल म्हटलं तर उपचाराची दिशाच चुकते. तिथे केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारा मार्कर) कमी आहे की खूप जास्त, हे पाहावंच लागतं. तुम्ही तुकडे चिमट्याने न उचलता फिल्टर पेपरवर गाळून घेता, त्यामुळे न चेचलेला भाग शाबूत राहतो. एकमेकांत दाबून बसलेली केंद्रकं, त्यांच्यातलं बारीक दाणेदार क्रोमॅटिन (डीएनएचं द्रव्य), सगळं तिथेच वाचता येतं.

टिश्यू टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनबाबत तुमचा कडकपणा सर्वांना ठाऊक आहे. १० टक्के बफर्ड, तुकड्याच्या किमान दहापट, ६ तासांच्या आत बाहेर काढायचं नाही, ४८ च्या पुढे ठेवायचं नाही. सलाइनमध्ये बाटली आली की तुमचा फोन थेट वॉर्डात जातो. काहींना तो झोंबतो. झोंबू दे, सलाइनमध्ये पेशी कुजतात. हाडातली गाठ तीव्र आम्लात न घालता ईडीटीएमध्ये (हाडातलं कॅल्शियम हळूहळू काढणाऱ्या द्रावणात) ठेवता, म्हणून वेळ जास्त लागला तरी डीएनए टिकतो.

ब्लॉकमध्ये अजून किती टिश्यू शिल्लक आहे, हे तुम्ही फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिता. पुढचा मार्कर मागवण्याआधी आम्ही तेच पाहतो. तेवढं लिहीत राहा.

आपले,
नाशिकमधले पॅथॉलॉजिस्ट