पोकळ मुठीचा चाकू यादीत घालण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळा सरल्यावर गडकिल्ल्यांवर जाणाऱ्यांसाठी सोबत न्यायच्या वस्तूंची यादी प्रसिद्ध झाली. तीत ‘पोकळ मुठीचा सर्व्हायव्हल नाइफ’ असा एक नग होता आणि त्यापुढे चाकू, होकायंत्र, आगपेटीच्या काड्या व मासे धरायचा गळ हे सारे एकाच वस्तूत मिळते, एवढेच वर्णन होते. वर्णनात खोटे काही नाही. पण हा चाकू चाकू म्हणून टिकतो की नाही हे ज्या एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे पाते मुठीला कशाने जोडले आहे, त्याबद्दल तिथे एक अक्षरही नव्हते. मी ३१ वर्षे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारे बनवण्याच्या विभागात, काढली आणि सह्याद्रीत हिंडायला लागलो त्याला त्याहून अधिक काळ झाला. यादी वाचून असाच एक चाकू साडेआठशे रुपयांना घरपोच मागवला आणि मावळात मेहुण्याच्या शेतावर दोन दिवस वापरून पाहिला. तुलनेसाठी भाच्याने अमेरिकेतून आणलेला, एकाच पोलादी कांबीतून कोरून काढलेला पोकळ मुठीचा चाकू होता, आणि शेतावरचा कोयता तर होताच.

आधी रचनेबद्दल सांगतो. चांगल्या बांधणीच्या चाकूत पात्याचेच पोलाद मुठीच्या आत शेवटपर्यंत जाते. मेहुण्याच्या कोयत्याचे शेपूटही, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, लाकडी मुठीतून आरपार नेऊन मागच्या टोकाला ठोकून बसवलेले आहे, आणि पुढे मूठ चिरू नये म्हणून लोखंडी शेंबी आहे. मूठ पोकळ ठेवायची म्हटले की हे शेपूट आखूड करावेच लागते, कारण ती जागा सामानाला हवी असते. मग पाते मुठीच्या तोंडाशीच स्क्रूने, खिळीने, डाक देऊन किंवा नुसत्या गोंदाने धरावे लागते, आणि फांदी तोडताना किंवा लाकूड उकलताना पात्याला वाकवू पाहणारा सगळा जोर नेमका त्याच बोटभर जागेत येतो. ही कल्पना टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. १९६० च्या दशकात फ्लोरिडातील रँडल या चाकूकारांनी व्हिएतनामला जाणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी अशी मूठ केली होती. पुढे १९८२ च्या एका हॉलिवूडपटाने ती जगभर पोहोचवली आणि स्वस्त नकलांचा पूर आला. त्या सांध्याची अडचण ओळखूनच क्रिस रीव्ह या मूळच्या दक्षिण आफ्रिकी कारागिराने १९८० च्या दशकात पाते आणि मूठ ए-२ या टूल स्टीलच्या, म्हणजे हत्यारांसाठीच्या पोलादाच्या, अखंड कांबीतून काढायला सुरुवात केली. म्हणजे सांधाच ठेवला नाही.

पहिल्या दिवशी मुठीच्या आतले सामान तपासले. मुठीत टिपकागदाचा तुकडा ठेवून मागचे झाकण घट्ट फिरवले आणि चाकू अर्धा तास बादलीत बुडवून ठेवला. कागद कोरडा निघाला, तेव्हा झाकणाखालची रबरी कडी ठीक आहे असे वाटले. मग तोच चाकू दुपारच्या उन्हात तासभर खडकावर ठेवला आणि हात लावणे कठीण होईल इतकी मूठ तापल्यावर विहिरीच्या थंड पाण्यात सोडला. या वेळी टिपकागद भिजला होता. उन्हात आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर पडते, थंड पाण्यात उरलेली हवा आकसते आणि कडीच्या कडेने पाणी आत ओढून घेते. नुसत्या बादलीतल्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही, आणि भटकंतीत मात्र उन्हातून ओढ्यात हे नेहमीचेच आहे. आतल्या सहा काड्यांचा गुल ओला झालाच, शिवाय त्या ज्यावर घासायच्या ती नखाएवढी पट्टीही भिजून सुटली. आपल्याकडच्या काड्या पेटीच्या त्या बाजूवाचून सहसा पेटत नाहीत, त्यामुळे नंतर काड्या वाळवूनही उपयोग झाला नाही.

झाकणातल्या होकायंत्राची गंमत वेगळीच. झाकण मुठीवर असताना त्याने उत्तर दिशा म्हणून जी दाखवली ती जवळपास ईशान्य होती; झाकण काढून हातभर लांब नेले की सुई माझ्या जुन्या होकायंत्राशी जुळत होती. पात्याच्या पोलादात थोडे चुंबकत्व उतरले असावे. म्हणजे दिशा पाहायची तर मूठ उघडायची, आणि उघडली की आतले सामान ओंजळीत सांभाळायचे.

दुसऱ्या दिवशी पात्याकडे वळलो. आधी पात्याच्या कडेवर कानस फिरवली. पोलाद नीट पाणी देऊन कडक केलेले असेल तर कानस वरून घसरते. इथे ती सरळ लागली आणि चकचकीत कीस निघाला. त्यामुळे हिरवा बांबू तासताना दहाएक मिनिटांत धार एका बाजूला वळली याचे नवल वाटले नाही. पाठीवरचे करवतीसारखे दात दिसायला भीतीदायक आहेत, पण अंगठ्याएवढ्या फांदीत ते अर्ध्यावर अडकले. असे दात अमेरिकी वैमानिकांच्या चाकूवर असतात ते पडलेल्या विमानाचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर पडण्यासाठी. लाकडाचा भुसा बाहेर टाकण्याची सोय त्यात नाही.

मग मुख्य चाचणी. मनगटाएवढ्या वाळक्या सुबाभळीच्या तुकड्यावर पाते धरून पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकत तो उकलायचा, कारण पावसात आतले कोरडे लाकूड काढायचा हा खात्रीचा मार्ग आहे. चामड्याचे हातमोजे घातले आणि पोरांना मागे उभे केले. करवतीचे दात दांडक्यातच रुतत होते, त्यामुळे निम्मा जोर वाया जात होता. चाळीसएक ठोक्यांनंतर मूठ पात्याभोवती किंचित फिरू लागली. झाकण काढून पाते धरून ठेवणारा आतला नट पान्याने आवळला. आणखी पंधरा ठोके झाले असतील नसतील, तोच टक् असा बारीक आवाज आला. पाते लाकडात राहिले आणि ॲल्युमिनियमची नळी माझ्या हातात. पाहतो तर सहा मिलिमीटरचा स्क्रू पहिल्याच आट्याच्या खोबणीत तुटला होता. लेथवर काम केलेल्या कोणालाही हे आधीच सांगता आले असते: आटे पाडले की तेवढा व्यास कमी होतो आणि खोबणीच्या टोकदार तळाशी ताण साठतो. इथे तर तो पहिला आटा नेमका पात्याच्या खांद्याला टेकला होता आणि तिथे गोलाईही दिलेली नव्हती. मेहुण्याचा गडी इतका वेळ गप्प बसून पाहत होता. तो उठला, कोयता घेतला आणि दोन घावांत तो तुकडा उकलून माझ्यासमोर ठेवला.

भाच्याच्या अखंड चाकूने असे दोनशेहून अधिक ठोके सोसले आणि सांधाच नसल्यामुळे हलायला काही नव्हते. तरी त्यालाही मी सरसकट चांगला म्हणणार नाही. गोल मुठीमुळे ओल्या हातात धार कोणत्या बाजूला आहे हे न पाहता कळत नाही. मुठीवरची खरखरीत जाळी तासाभरात तळहाताला फोड आणते. रात्री अंगणात राहिलेल्या पात्यावर सकाळी गंजाचे ठिपके होते, कारण ते ए-२ चे आहे आणि ए-२ हे स्टेनलेस नव्हे. आणि किंमत विचाराल तर तेवढ्यात चांगले बूट आणि पाठपिशवी दोन्ही येतात.

यादीत आणखी एक बाब हवी होती. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. माझा चाकू सहा इंचांचा, म्हणून तो त्यात बसत नाही. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकू आणि गळ या दोहोंचाही समावेश आहे, आणि कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई, भीमाशंकर ही आपल्या भटक्यांची नित्याची ठिकाणे अभयारण्यांत मोडतात. तेव्हा मुठीत गळ घातलेला हा चाकू तिथे नेणारा तरुण एका वस्तूत दोन हरकती घेऊन जातो. शिवाय शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश लागू असतील तर बसस्थानकावरही अडचण होऊ शकते. चाचणी मी शेतावर घेतली ती याच कारणाने.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा चाकू सुचवताना पाते मुठीला कसे जोडले आहे आणि कोणत्या लाकडावर किती ठोके देऊन पाहिले, हे दोन ओळींत छापावे. आणि तपासलेले नसेल तर तो यादीत घेऊ नये. अंधारात वाट चुकलेल्याला ज्याचा हमखास उपयोग होतो अशी शिट्टी त्या यादीत नव्हती, तिला ती जागा देता येईल. तुटलेला स्क्रू, नळी आणि वळलेल्या धारेचे पाते मी डब्यात जपून ठेवले आहे. आपल्या पुरवणीच्या लेखकांना पाहायचे असल्यास कोणत्याही रविवारी सकाळी दाखवीन, मात्र येताना त्यांनी आपला चाकूही सोबत आणावा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड