व्यासपीठाचे पैसे कोणी भरले, तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मनुष्यबळ तंत्रज्ञानाच्या, म्हणजे भरती आणि मूल्यमापनाच्या सॉफ्टवेअरच्या, परिषदेचा पानभर वृत्तांत आपल्या उद्योग पुरवणीत वाचला. मी एका उत्पादन कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळते आणि त्या परिषदेला हजर होते. वृत्तांतात ज्यांना ‘तज्ज्ञ’ म्हटलं आहे, त्यांतले बहुतेक जण सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी होते आणि त्यांची सत्रं प्रायोजित होती. कार्यक्रमपत्रिकेत निदान बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. आपल्या बातमीत तेवढंही नाही. ‘एआय भरतीतला पक्षपात संपवणार’ हा मथळा तर एका स्टॉलवरच्या फलकावर मी जसाच्या तसा वाचला होता.

अशा परिषदा बऱ्याच अंशी स्टॉलच्या भाड्यावर आणि प्रायोजकांच्या पैशावर चालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गळ्यातल्या बिल्ल्यावरचा कोड स्कॅन करू दिला की पिशवी मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. धंदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण विकणाऱ्याचं बोलणं आणि वापरून पाहिलेल्याचं बोलणं वाचकाला वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे. ते काम बातमीदाराचं.

एका स्टॉलवर ‘टॅलेंट मॅनेजमेंट’चा, म्हणजे कोणत्या कर्मचाऱ्याला पुढे आणायचं ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेमो पाहिला. पडद्यावर नऊ चौकोन. आडव्या बाजूला कामगिरी, उभ्या बाजूला क्षमता, आणि चौकोनांत हसऱ्या चेहऱ्यांचे गोल फोटो. माउसने एक चेहरा उचलायचा आणि वरच्या चौकोनात टाकायचा. डेमोतल्या कंपनीत प्रत्येकाला एकच साहेब, एकच हुद्दा आणि नावाचं एकच स्पेलिंग! मी विचारलं, आमचा माणूस वर्षाच्या मध्येच मेंटेनन्समधून क्वालिटीला गेला, तर त्याचं रेटिंग कोणत्या साहेबाने भरायचं? “कस्टमायझेशनमध्ये करून देऊ, मॅडम.” आमचा जुना डेटा कसा येणार? “एपीआय (दोन सॉफ्टवेअर जोडायची सोय) आहे ना.” आणि कंत्राटी कामगार? “रोडमॅपवर (पुढच्या योजनेत) आहेत.” या धंद्यात मुरलेल्या कोणालाही विचारा. पहिल्या उत्तराचा अर्थ जादा बिल, दुसऱ्याचा तुमचं तुम्ही बघा आणि तिसऱ्याचा सरळ ‘नाही’.

हे नऊ चौकोन मुळात माणसांसाठी नव्हतेच. १९७० च्या दशकात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने जनरल इलेक्ट्रिकसाठी तशी चौकट आखली, ती कोणत्या धंद्यात पैसा घालायचा आणि कोणता काढून टाकायचा हे ठरवायला. पुढे आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी धंद्याच्या जागी माणूस बसवला. धंद्याचा बाजारातला वाटा मोजता येतो. माणसाची ‘क्षमता’ म्हणजे बहुतेक वेळा साहेबाचं मत असतं आणि सॉफ्टवेअरमध्ये भरलं की त्याच मताला दशांश चिन्ह फुटतं.

आमच्याकडे एक फोरमन आहेत. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे आधी सांगतात, नव्या मुलांना तेच तयार करतात. ऑनलाइन प्रोफाइल नाही, कोर्सची सर्टिफिकेटं नाहीत. कौशल्यं आपोआप ओळखणारं एक सॉफ्टवेअर आम्ही चाचणीसाठी घेतलं, तेव्हा त्यांच्या नावापुढे दोनच कौशल्यं उमटली : सुपरव्हिजन आणि एमएस ऑफिस. फोरमन संगणकाला हात लावत नाहीत. एमएस ऑफिस कुठून आलं, ते विक्रेत्यालाही सांगता आलं नाही.

आता पक्षपात संपवणाऱ्या तुमच्या मथळ्याबद्दल. ॲमेझॉनने २०१४ पासून अर्जांची छाननी करणारं सॉफ्टवेअर बनवून पाहिलं. त्याला शिकायला दिले होते आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज, आणि ते बहुतांशी पुरुषांचे. मग अर्जात महिलांच्या क्लबचा किंवा महिला महाविद्यालयाचा उल्लेख दिसला की ते उमेदवाराला खाली ढकलू लागलं. कंपनीने प्रकल्प गुंडाळला. रॉयटर्सने २०१८ मध्ये ते उघड केलं. हायरव्ह्यू ही व्हिडिओ मुलाखतीतल्या चेहऱ्याचं विश्लेषण करून गुण देणारी कंपनी. टीका झाल्यावर चेहऱ्याचं विश्लेषण सोडल्याचं तिने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून.

स्टॉलवर कोणी सांगत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून भरतीच्या अशा साधनांची पक्षपाताच्या दृष्टीने दरवर्षी स्वतंत्र तपासणी करून निकाल जाहीर करावा लागतो. ही जबाबदारी येते साधन वापरणाऱ्या कंपनीवर, बनवणाऱ्यावर नाही. अलीकडे वारं थोडं फिरतंय. वर्कडे या मनुष्यबळाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध अमेरिकेत वयावरून डावलल्याचा दावा चालू आहे. विक्रेत्यालाही नियोक्त्याचा ‘एजंट’ म्हणून जबाबदार धरता येईल, अशी भूमिका न्यायालयाने २०२४ मध्ये घेतली आणि दावा पुढे चालू दिला. निकाल लागायचा आहे. पण खरेदीचा करार वाचताना नुकसानभरपाईचं कलम आधी का वाचायचं, ते यावरून कळावं.

रोडमॅपवर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक. डिसेंबर २०११ मध्ये एसएपी या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने सक्सेसफॅक्टर्स ही मनुष्यबळाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेण्याचं जाहीर केलं, सुमारे ३४० कोटी डॉलरना. दोनच महिन्यांनी ओरॅकलने टॅलिओ आणि २०१२ मध्येच आयबीएमने केनेक्सा, याही तशाच कंपन्या, घ्यायचं ठरवलं. स्टॉलवर शब्द देणारा मालक उद्या तोच राहील, याची हमी कोण देणार? म्हणून मी सोडचिठ्ठीचं आधी विचारते : आम्ही निघालो तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैसे घेऊन परत द्याल? या प्रश्नावर डेमो देणारा मुलगा नेहमी साहेबांना बोलावतो.

आपल्याकडे दोनच मागण्या आहेत. प्रायोजित सत्राची बातमी देताना तसं स्पष्ट छापा आणि वक्ता काय विकतो तेही लिहा. आणि वार्ताहराने स्टॉल सोडून जेवणाच्या रांगेत जावं. तेच सॉफ्टवेअर तीन-चार वर्षं वापरणारे लोक तिथे भेटतात, विक्रेत्याने निवडून पुढे केलेले नाहीत असे. किती मॅनेजर लॉगिन तरी करतात, समांतर एक्सेल अजून चालू आहे का, करार पुन्हा केला का, एवढं विचारलं तरी पान भरेल. पुढच्या परिषदेआधी आपल्या वार्ताहराला असे प्रश्न काढून द्यायला मी तयार आहे. पत्ता सोबत दिला आहे.

आपली नियमित वाचक
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती)