औषधी पिकांचा बेवड

संपादक महोदय,

आपल्या कृषी पुरवणीत औषधी वनस्पतींच्या लागवडीवर अधूनमधून लेख येतात. त्यांत रोपे, काढणी, तेलाचा उतारा, बाजारभाव असे सगळे असते; पण पीक निघाल्यावर त्या जमिनीत पुढे काय नीट उगवेल, याबद्दल सहसा एक ओळही नसते. एरवी कोणतेही पीक घेताना शेतकरी आधीच्या पिकाचा बेवड, म्हणजे त्याचा जमिनीवर मागे राहिलेला परिणाम, पाहतो. औषधी पीक मात्र ‘नैसर्गिक’, म्हणून जमिनीला निरुपद्रवी, असे आपण धरून चालतो. ज्या द्रव्यांसाठी ही पिके लावायची, त्यांतली बरीचशी वनस्पतीने कीड, बुरशी आणि शेजारची झाडे यांना आवरण्यासाठीच तयार केलेली असतात, याचा इथे विसर पडतो.

आर्टेमिसिया ॲनुआचेच उदाहरण घेऊ. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध याच वनस्पतीतून मिळते आणि त्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पान भिंगाखाली धरले तर त्यावर बारीक ग्रंथिकेस (टोकाशी ग्रंथी असलेली लव) दिसतात. औषध साठते ते त्यांत, मुळांत ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे जमिनीत ते पोचते ते वरून, पावसाने पाने धुतली गेली की किंवा पाने गळून कुजली की. हेच आर्टेमिसिनिन प्रयोगशाळेत इतर अनेक रोपांची मुळे खुंटवते, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे काढणीनंतरचा पाला शेतात कुठे पडला, हा केवळ साफसफाईचा प्रश्न उरत नाही.

काही पिके तर स्वतःलाच नडतात. चीनमध्ये मुळांसाठी लावली जाणारी रेहमानिया ही औषधी वनस्पती एकदा घेतली की त्याच जमिनीत ती पुन्हा ८-१० वर्षे तरी घेत नाहीत. जिनसेंगचीही तीच तऱ्हा. मुळांतून पाझरणारी फेनॉलिक आम्ले हे त्याचे एक कारण आहे, पण ती एकटी दोषी नाहीत. त्यांच्यामुळे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे प्रमाण बदलते, फ्युजेरियमसारख्या रोगकारक बुरशी फोफावतात आणि नव्या लागवडीची मुळे कुजतात.

मात्र शेजारचे पीक खुरटले की लगेच रसायनावर खापर फोडणेही बरे नव्हे. कॅलिफोर्नियात सुगंधी साल्व्हियाच्या झुडपांभोवती गवत नसलेले पट्टे दिसतात. झुडपांतून उडणाऱ्या कापूर आणि सिनिओल यांसारख्या द्रव्यांमुळे ते होतात, असे १९६४ मध्ये मांडले गेले आणि पाठ्यपुस्तकांतही गेले. १९७० मध्ये मात्र त्या पट्ट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवून पाहिले, तर प्राण्यांना आत येता येईना तिथे गवत वाढले. झुडपात दडून राहणारे उंदीर आणि पक्षीच बी व कोंब फस्त करत होते! एका वनस्पतीच्या रसायनांचा दुसरीवर होणारा परिणाम, म्हणजे ॲलेलोपॅथी, हा शब्द वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये रूढ केला, तरी शेतातला नेमका परिणाम सिद्ध करणे आजही अवघड आहे ते यामुळेच. पानांचा अर्क काढून प्रयोगशाळेतल्या बशीतल्या बियांवर ओतला की उगवण घटते, पण मातीत तेच द्रव्य चिकणमातीच्या कणांना धरून राहते, जिवाणू ते खाऊन टाकतात आणि अगदी कमी मात्रेत ते कधी कधी वाढीला मदतही करते. ‘अमुक वनस्पतीने तण मरते’ अशा बातम्यांचा आधार बहुतेक वेळा या बशीपुरताच असतो.

शेतकऱ्याला मात्र एक साधी चाचणी घरी करता येते. औषधी पीक निघालेल्या वाफ्यातली माती एका ट्रेमध्ये आणि त्याच शेतातल्या, ते पीक नसलेल्या भागातली माती दुसऱ्या ट्रेमध्ये घ्यावी. पुढे जे पीक घ्यायचे आहे त्याचे मोजून ५० दाणे प्रत्येकात टाकावेत, पाणी सारखे द्यावे, आणि आठवड्याने नुसती उगवण न मोजता रोपे अलगद उपटून मुळे पाहावीत. परिणाम बहुधा आधी मुळांवर दिसतो: लांबी कमी, टोक तपकिरी, तंतुमुळे विरळ. फरक दिसला तरी दोष रसायनाचाच असे नाही, क्षार किंवा उरलेले खतही त्यामागे असू शकते. पण त्या वाफ्यात घाईने पेरणी करू नये, एवढे तरी आधी कळते.

माझी विनंती एवढीच की, यापुढे कोणत्याही औषधी पिकाची शिफारस छापताना त्याचा पालापाचोळा आणि अर्क काढून उरलेला चोथा यांचे काय करावे, त्यानंतर कोणते पीक घ्यावे व तेच पीक पुन्हा किती वर्षांनी घ्यावे, हे लेखकांकडून आवर्जून लिहून घ्यावे.

आपला,
एक वाचक