नंबर सुटला, फोन अडकला : दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

आमची वाडी भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. दोन वर्षांपूर्वी मी आईला बटणांचा ४जी फोन घेऊन दिला. तिची बोटे शेतात राबून राठ झालेली, टचचा फोन तिला जमत नाही. यंदाच्या पावसाळ्यात त्या कंपनीची रेंज वाडीतून गेली ती परत आलीच नाही. आई फोन घेऊन मारुतीच्या चौथऱ्यावर जाऊन उभी राहायची, तिथे एखाद-दोन कांड्या मिळायच्या. शेजारच्या काकूंचे सिम दुसऱ्या कंपनीचे. त्यांचा फोन चुलीपाशी बसूनही लागायचा.

मग मी आईचा नंबर पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून काकूंच्या कंपनीत नेला. १९०० वर मेसेज टाकला, आठ अक्षर-आकड्यांचा कोड आला, दुकानात आधार दाखवून आईचा अंगठा घेतला. काही त्रास झाला नाही. नवे सिम आले त्या दिवशी ओसरीवर बसून फोनचे मागचे झाकण काढले, बॅटरी काढली, सिम सरकवले. फोन सुरू झाला आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली : हे सिम या फोनमध्ये चालणार नाही. आईने विचारले, काय लिहिलंय? मी सांगितले. ती म्हणाली, "पैसं आपुन दिलं ना? मग फोन आपला न्हाय का?"

मला उत्तर देता आले नाही, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

२० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्या एका निर्णयाने ग्राहकाला बळ दिले. पण ज्याचा फोनच एका कंपनीला बांधलेला आहे, त्याला या हक्काचा काय उपयोग? आपल्याकडे बहुतेक फोन खुलेच, म्हणजे कोणत्याही कंपनीचे सिम चालेल असे विकले जातात, हे मला ठाऊक आहे. मात्र कुलूप दिसते ते स्वस्तातल्या स्वस्त फोनना, म्हणजे ज्यांना दुसरा फोन परवडत नाही त्यांच्याच हातात. हे मला फार लागते.

आणि हे कुलूप म्हणजे तरी काय? प्रत्येक सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो. त्याचे सुरुवातीचे आकडे देश सांगतात (भारताचे ४०४ आणि ४०५), पुढचे आकडे कंपनी. फोन ते वाचतो आणि आपल्या कंपनीचे नसतील तर सिम नाकारतो. फोनमध्ये बिघाड काहीच नसतो. कंपनीने मनावर घेतले तर हे कुलूप काढता येते. मी ग्राहक सेवेला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा 'अशी सोय नाही' एवढेच ऐकले. बाजारातला दुरुस्तीवाला करून देतो म्हणाला, पण फोन दोन दिवस ठेवून जा म्हणाला. त्यात आईच्या बँकेचे मेसेज. शिवाय सॉफ्टवेअर उलटेपालटे करताना आयएमईआय क्रमांकाला, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, धक्का लागला तर? २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्या छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मी फोन परत घेऊन आलो.

कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन खुलेच द्यायचे आणि जुन्यांचे कुलूप फुकट काढून द्यायचे, असा नियम केला. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूपबंद फोन विकता येत नाहीत. तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

फोन तोट्यात विकतो, रिचार्जमधून पैसे वसूल करतो, असे कंपन्या म्हणतील. ते मी समजू शकतो. मग वसुलीची मुदत ठरवा, समजा सहा महिने, आणि ती संपली की मागणी न करता, एक पैसा न घेता कुलूप निघाले पाहिजे. तोवर अशा प्रत्येक फोनच्या खोक्यावर, पुढच्या बाजूला, ठळक मराठीत छापायला लावा : या फोनमध्ये फक्त एकाच कंपनीचे सिम चालते. दुकानात ही ओळ वाचली असती तर मी तो फोन घेतलाच नसता.

आईचे नवे सिम सध्या माझ्या जुन्या टचच्या फोनमध्ये आहे. फोन वाजला की हिरवे बटण सरकवायला ती शेजारच्या पोराला हाक मारते. पोरगा शाळेत असला की फोन वाजून वाजून बंद होतो.

कळावे,
आपला नम्र,
भोर तालुक्यातील एक ग्राहक