लायब्ररीचं रजिस्टर

निपाणी, रविवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू फोनवर रडलीस आणि मी "होईल सगळं नीट" म्हणून फोन आईकडे दिला. आईला वाटलं, मला झोप आलीय. तसं नव्हतं. तू केलेला गेम बाजारात येऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर त्याची क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकटची कॉपी टोरेंटच्या साइटवर आली, आणि तू विचारलंस, "असली माणसं असतात तरी कोण, बाबा?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, खरं तोंडातून निघेना. तुला सांभाळणारा, तुझ्या वह्यांना कव्हर घालून देणारा माणूस त्यातलाच एक आहे. म्हणून लिहायला बसलोय.

आपली व्हिडिओ लायब्ररी तुला पुसटशी आठवत असेल. काउंटरखाली बसून तू कॅसेटींचे मनोरे रचायचीस. आधी धंदा साधा होता. बारसं असो, गणपती असो, कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी हातगाडीवर घालून रात्रभर भाड्याने द्यायच्या. मग सीडी आली. घरात कॉम्प्युटर घेतला तो "पोरीच्या शिक्षणासाठी" असं मी तुझ्या आजीला सांगितलं होतं. आत सीडीच्या कॉप्या काढणारा रायटर बसवून घेतलाय हे नाही सांगितलं. कोरी सीडी दहा रुपयाला, एका सिनेमाला दोन लागायच्या, आणि भाडं दिवसाला दहा. दोन दिवसांत सीडीचे पैसे निघायचे. पुढचं सगळं सुटलेलं.

शुक्रवारी सिनेमा लागला की सोमवारच्या कोल्हापूर गाडीने पेपरात गुंडाळलेलं पुडकं यायचं. कॅमेरा प्रिंट. कुणीतरी थिएटरात मांडीवर कॅमेरा ठेवून काढलेली. पडदा तिरका, हिरो डावीकडे कललेला. मध्येच कोण तरी लघवीला उठायचा आणि त्याचं डोकं हिरॉइनच्या तोंडावरून सरकत जायचं. विनोद झाला की न दिसणारी शंभर माणसं हसायची. बिडीकाम करणाऱ्या बायका शनिवारी हजेरीचे पैसे घेऊन येताना दुकानात थांबायच्या. त्यातली एक नेहमी म्हणायची, "हसणारी प्रिंट द्या की. घर भरल्यागत वाटतंय." चांगली प्रिंट आली तरी तिला हसणारीच लागायची. (थिएटरात असं शूटिंग करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा आता २०२३ मध्ये झालाय. तोवर माझ्यासारख्यांची दुकानंच उरली नव्हती.)

मला कधी चोर असल्यासारखं वाटलं नाही. कारण माझ्याकडे एक वाक्य होतं: "इथं मिळत नाही." आणि ते खोटं नव्हतं. आपल्या टॉकीजला हिंदी चालायचा, कन्नड चालायचा. मराठी यायचा तो शिळा होऊन, नाहीतर यायचाच नाही. चाळीस किलोमीटर कोल्हापूर, जाण्यायेण्याचं भाडं, तिकीट, वर एका दिवसाची मजुरी बुडालेली. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर वातावरण तापलं की गाड्या कोगनोळीलाच थांबायच्या, आणि माझं पुडकंही पलीकडेच. तेव्हा तर मला वाटायचं, मी भाषेची सेवाच करतोय. एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत लावून काळ्या दिनाच्या फेरीत जायचो आणि संध्याकाळी शटर वर करून मराठी सिनेमावाल्याच्याच पोटावर पाय द्यायचो. दोन्ही एकाच दिवशी. यात काही विसंगत आहे असं कुणी म्हटलं नाही, मलाही सुचलं नाही.

२००५ च्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. छत्री दाराबाहेर ठेवली, एका मराठी सिनेमाचं नाव घेतलं, आहे का विचारलं. मी काढून दिला. उलटसुलट करून बघितला, म्हणाले, "प्रिंट चांगली आलीय." मग, "किती वेळा गेला हो?" धंद्याचं कुणी विचारलं की मला बरं वाटायचं. रजिस्टर काढलं, बोट लावून मोजलं. दोन महिन्यांत त्रेसष्ट वेळा. ते म्हणाले, "इथं बघतात म्हणायचे." मग सांगितलं, सिनेमा त्यांचा होता. घर गहाण टाकून काढलेला, दुसऱ्या आठवड्यात पडद्यावरून उतरलेला. भांडले नाहीत. मी चहा मागवला, त्यांनी घेतला. जाताना दहा रुपये काउंटरवर ठेवून सीडी घेऊन गेले. ती परत आली नाही, आणि मी त्यांचं डिपॉझिटही मागितलं नव्हतं.

त्या त्रेसष्ट जणांचा हिशेब मी अजून करतो. आताची पोरं म्हणतात, जो विकत घेणारच नव्हता त्याच्यामुळे नुकसान कसलं? बरोबर आहे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट काही कोल्हापूरला गेले नसते. पाच गेले असते. खरं त्या पाचांचं तिकीट कुठं गेलं? आणि बघणाऱ्याने कुणाचं काही विकलं नव्हतं. सहाशे तीस रुपये माझ्या गल्ल्यात पडले होते. तुझ्या गेमचंही तेच. फुकट खेळणारा पोरगा आणि ती कॉपी टाकून साइटवर जुगाराच्या जाहिराती चालवणारा, या दोघांना एका माळेत ओवू नकोस. मी त्यातल्या दुसऱ्या प्रकारातला होतो.

हे इथंच थांबलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीच्या सिनेमांच्या ओरिजिनल सीडी बाजारात आल्या, अठ्ठावीस रुपयाला! हिंदी, कन्नड, मराठी, सगळं. डबीत नीट घातलेलं, डोकी नाहीत, खोकला नाही. "इथं मिळत नाही" हे माझं वाक्य त्या दिवशी मेलं. मी काय केलं? एक ओरिजिनल घेतली आणि तिच्या चार कॉप्या काढल्या. त्याच जूनमध्ये तुला बेळगावच्या शाळेत घातलं. फी कुठून आली ते तू कधी विचारलं नाहीस.

एका बाबतीत मात्र माझं त्या पोरांशी जमतं. तूच सांगितलं होतंस की 'द क्रू' हा गाड्यांचा गेम लोकांनी पैसे मोजून घेतला आणि ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर तो कुणालाच खेळता येईना. विकत घेतलेली वस्तू दुकानदार दहा वर्षांनी घरात येऊन उचलून नेणार असेल, तर गिऱ्हाईक मागच्या दाराने जाणारच. तुमच्या कंपनीत आता गेमला कुलपं घालायची चर्चा सुरू झालीय म्हणालीस. विरोध कर. सीडी ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय सुरू न होणारे गेम मी विकलेत. ओरिजिनल घेणारा ओरखडा पडला की डिस्क घेऊन रडत यायचा. माझी कॉपी नेणाऱ्याला डिस्क लागायचीच नाही.

आणि त्या पोलंडच्या पोरांची गोष्ट, तीही तूच सांगितलेली. बाजारात सीडी विकणारे दोघे, १९९४ मध्ये कंपनी काढतात. सगळा देश कॉप्यांवर खेळणारा. ते १९९९ मध्ये एक मोठा इंग्रजी गेम पूर्ण पोलिश भाषेत करून, भरगच्च खोक्यात घालून विकतात, आणि लोक पैसे देऊन घेतात. भाषेसाठी. आज स्वतःचे गेम जगभर विकतात म्हणे. माझंही दुकान तसंच, भाषेची भूकही समोर उभी होती. मी लायब्ररी बंद करून झेरॉक्स मशीन घेतलं.

असो. काल तुझा गेम विकत घेतला. आपल्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून शेजारच्या पोराच्या लॅपटॉपवर. चारशे नव्याण्णव रुपये. फोनवरून पैसे भरायला लागलो तर तो म्हणतो, "काका, पैसे कशाला घालूलाय? माझ्याकडं हाय की, फुकटात." मी काही बोललो नाही. तोंड कुठल्या तोंडाने उघडणार? पैसे भरले. तो गेम कुणी केलाय हे सांगितल्यावर पोरगा कानापर्यंत लाल झाला, आणि दोन मिनिटांत लाज विसरून मला दाखवायला लागला. गेममधली ती विहीर तू आजीच्या मळ्यातली काढलीस ना? मोटेच्या जागेवरचा तुटका दगडसुद्धा आहे. मी तुझ्या आईला हाक मारून बोलावलं.

तो तिसऱ्या लेव्हलला अडकलाय. विहिरीतून वर कसं यायचं, विचारतोय. सांगू का नको, कळव.

कुंदा पाठवलाय, रूमवरच्या पोरींना दे.

तुझा,
बाबा