एकतीसच्या पंचाबद्दल, सविस्तर

सोलापूर,
१८ डिसेंबर

प्रिय मित्रा,

काय बे, कसा आहेस? मागच्या एकतीसला आमच्या गच्चीवर प्यायलास ते रमचं पंच तुला पुण्यात करायचंय, म्हणून फोनवर कृती विचारलीस. घाईत अर्धवट सांगितली आणि मलाच चैन पडेना. म्हणून लिहितोय.

डाळिंबं भगवा जातीचीच घे. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. पण रस काढताना मिक्सर वापरू नकोस. पहिल्या वर्षी मी दाणे मिक्सरमधून फिरवले, बिया भरडल्या गेल्या आणि सगळा रस तुरट झाला. फार वाईट वाटलं होतं रे, पाहुणे दारात आणि पातेलं वाया. आता दाणे मलमलीच्या फडक्यात बांधून हातानेच पिळतो. दोन किलोंत माझा अर्धा लिटरभर रस निघतो.

खरी मेहनत लिंबाच्या सालीची. दहा-बारा कागदी लिंबांची साल अगदी वरवर किस, खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. किसात २०० ग्रॅम साखर चोळ आणि चार तास झाकून ठेव. साखर सालीतलं तेल ओढून घेते. झाकण काढल्यावर येणारा वास बाटलीबंद सरबताला कधीच यायचा नाही. त्याच लिंबांचा पाव लिटर रस घालून साखर विरघळव.

कॅरिबियन बेटांवरचं जुनं प्रमाण आहे: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार सौम्य. डाळिंब मुळात गोड, म्हणून मी साखर निम्म्याहून कमी धरतो. सौम्य म्हणजे अर्धा लिटर डाळिंबाचा रस आणि तेवढाच कोरा चहा, दालचिनी नि किंचित जायफळ घालून उकळलेला, गाळून पूर्ण गार केलेला. शेवटी ७५० मिलीची काळ्या रमची एक बाटली. रम उसाच्या मळीचीच, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या जिल्ह्याला परकी नाही. आणि पंच हा शब्दही बहुतेक जण आपल्या ‘पाच’शीच जोडतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. इंग्रजी कागदपत्रांत तो १६३२ पासून सापडतो. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

बर्फाचे चुरे टाकू नकोस. स्टीलच्या डब्यात रात्रभर पाणी गोठवून एकच मोठा ढेप सोड, हळू वितळतो, पंच पांचट होत नाही.

एक गोष्ट मनावर घे. दीडशे मिलीच्या ग्लासात जवळजवळ पन्नास मिली रम जाते आणि गोडाआड ती कळत नाही. ग्लास लहानच ठेव, सोबत शेंगाचटणी-भाकरी असू दे, गाडी चालवणाऱ्याला देऊ नकोस. दारूच्या परवान्याचंही आधी बघ. बिनरमचं दुसरं पातेलं करच. आईने गेल्या वर्षी त्यातलं दोनदा मागून घेतलं होतं, तिने काही दोनदा मागितल्याचं मी फार दिवसांनी पाहिलं.

पुण्यात डाळिंबं शोधत फिरू नकोस. सत्तावीसला भाचा हुतात्मा एक्स्प्रेसने येतोय, लक्ष्मी मंडईतून निवडून चार किलो त्याच्याकडे देतो. स्टेशनवर जाऊन घे.

तुझाच,
जुळे सोलापूरवाला