ती पोस्टर्स रेशमी जाळीतून उतरली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरच्या अमेरिकी पोस्टरकलेवरील रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ची पोस्टर्स शिळाप्रेसवर छापली जात आणि त्यांतले मोजके, सपाट रंग ही युरोपीय आधुनिक कलेची देणगी होती, ही दोन्ही विधाने दुरुस्त करायला हवीत.

मंदीत हाताला काम नसलेल्या चित्रकारांसाठी हा सरकारी प्रकल्प 1935 मध्ये सुरू झाला. न्यूयॉर्कच्या विभागात आधी पोस्टर्स चक्क हाताने रंगवत. चित्रकार अँथनी व्हेलोनिस यांनी तिथे स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे रेशमी जाळीतून रंग उतरवण्याची छपाई, आणले आणि दिवसाला शेकडो प्रती निघू लागल्या. जाहिरातीचे फलक करणाऱ्यांना ही कला ठाऊक होतीच. चित्रकारांनी ती खऱ्या अर्थाने आपलीशी केली ती इथे. 1943 पर्यंत सुमारे 35,000 डिझाइन्सच्या 20 लाख प्रती निघाल्याचा अंदाज आहे. शिळाछाप आणि लाकडी ठशांची पोस्टर्सही होती, पण कमी.

आता रंगांविषयी. लाकडी चौकटीवर रेशीम ताणून बसवायचे. जिथून रंग उतरायला हवा तिथे तेलकट शाईने चित्र काढायचे, वरून सगळीकडे पातळ सरस फिरवायचा. सरस वाळला की रॉकेलने पुसायचे. शाई निघते, तिच्यावरचा सरसही निघतो आणि तेवढीच जाळी मोकळी होते. खाली कागद ठेवून रबरी पट्टीने तैलरंग ओढला की एक रंग झाला. पुढच्या रंगाला नवी जाळी, आणि तीही आधीचा रंग पूर्ण वाळल्यावरच. पाच रंग म्हणजे प्रत्येक कागद पाचदा फ्रेमखाली जाणार. मग चित्रकार रंग हात राखूनच वापरणार! सावलीच्या हळुवार छटा आणि केसासारख्या रेषा रेशमाच्या विणीत टिकत नाहीत, म्हणून मोठे आकार आणि ठसठशीत अक्षरे. जर्मन आधुनिकतेचा प्रभाव होता हे खरे, पण इतक्या वेगवेगळ्या हातांना एकच वळण लावले ते या जाळीने.

खरी कसोटी रंग जुळवण्याची. फळीवर कागदासाठी तीन अडण्या असतात, दोन लांब बाजूला आणि एक आखूड बाजूला. कागद तिन्हींना टेकला नाही तर दोन रंगांत पांढरी फट दिसते. दमट हवेत कागद फुगतो, रेशीम सैलावते आणि जुळलेले रंगही सरकतात. त्यावरचा उपाय म्हणजे फिकट रंग आधी छापून गडद रंग त्याच्या कडेवर किंचित चढवणे. रंग पातळ झाला तर कडेखाली झिरपतो, घट्ट झाला तर जाळीतच वाळून भोके बुजवतो. आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्या कोणत्याही कारागिराला हे पटेल; आज रेशमाऐवजी पॉलिएस्टर आले, दुखणी तीच आहेत.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने यांतली 900 हून अधिक पोस्टर्स संकेतस्थळावर ठेवली आहेत. मोठ्या आकारात उघडली की रंगावर रंग चढलेल्या कडा स्पष्ट दिसतात. पुढे कधी ही चित्रे छापाल तेव्हा चित्राखालच्या ओळीत छपाईची पद्धत आणि मूळ आकारही द्यावा, ही विनंती. पुष्कळशी पोस्टर्स जेमतेम 22 बाय 14 इंचांची आहेत, हे पुरवणीतल्या पानभर चित्रावरून कळत नाही.

आपला,
एक मुद्रक, पुणे